भट्टीचा ठराव

ता. ४ मार्च
कारखान्यामागची खोली

मालकीणबाई,

तुला मालकीणबाई म्हणायचं आणि इकडे मालकाविरुद्ध मुठी आवळायच्या, ही दोन कामं एकाच माणसाला कशी जमतात, असं आमच्या संघटनेचे चिटणीस मला विचारतात. मी त्यांना सांगतो, ही मालकीण माझ्या वहिनीची चुलत बहीण आहे आणि तिची सत्ता उलथवायचा माझा विचार नाही. दादाच्या लग्नात तू चारचौघांत विचारलं होतंस, "कॉलेज यांनी सोडलं, की कॉलेजने यांना सोडलं?" दोन वर्षं झाली, मी अजून उत्तर शोधतोय. दरम्यान रेशीम कारखान्याच्या गोदामात कोष निवडतो. पिवळे एकीकडे, डागी एकीकडे, चांगले पोत्यात.

आता बातमी. दहा तारखेपासून कारखाना बंद! धागा काढणाऱ्या बायकांना आठ तासांची पाळी हवी, हंगामी लोकांना कायम नोकरी हवी, कोष उकळायच्या कढयांवर पंखे हवेत. आणि चौथी मागणी मी घुसवली आहे: शेतकऱ्याच्या कोषाला वाढीव भाव. चिटणीस म्हणाले, "शेतकरी म्हणजे अर्धा मजूर, अर्धा मालक. त्यातला कुठला अर्धा कधी जागा होईल सांगता येत नाही." मी टेबलावर हात आपटला. म्हटलं, कामगारांच्या पुढाकाराने शेतकरी त्यांच्यासोबत उभे राहिल्याशिवाय या जगात कधी काही बदललेलं नाही, हे तुमच्याच पुस्तकात आहे, आणि तुम्हीच ते बुडाखाली घेऊन बसलात! सगळे हसले, पण मागणी मंजूर झाली. शेतकऱ्यांशी बोलायचं काम माझ्याकडे आलं.

म्हणून हे पत्र. तुमच्या गावाने या वेळी कोष विकायचे नाहीत. मालक ते दुसऱ्या शहरात पाठवून तिथे धागा काढून घेईल आणि आम्ही इथे फाटकापाशी घसा कोरडा करत बसू. फक्त पंधरा दिवस माल घरात ठेवा. आमच्या गोदामात कोष चार-चार महिने पडून असतात, काही होत नाही त्यांना. मालक वाकला की तुमचा भाव वाढलाच.

बैठकीत एक गंमत झाली. भट्टीवाले काका उठले. केस पांढरे झालेत, बोलायला लागले की समोरचा जांभया देतो. म्हणाले, "संपात भट्टी तेवढी दोन दिवसांआड पेटवू द्या, गावचा माल येतो." मी ओरडलो, "काका, एवढी हौस असेल तर घरी जाऊन चूल पेटवा!" सभा खो खो हसली. काका खाली बसले. संपात भट्टी पेटणार नाही, असा ठराव मीच मांडला आणि एकमताने मंजूर करून घेतला. त्या वेळी तू तिथे असायला हवी होतीस. (तू सगळीकडेच असायला हवी असतेस, पण ते असो.)

गावाला पटव. तुझ्या शब्दाला तिथे वजन आहे. माझ्यावर तर ते भलतंच पडतं.

तुझा,
गोदामातला


ता. ७ मार्च

पुढारी,

पत्र मिळालं. बहिणीच्या दिराने पत्रात काय काय लिहावं याचा काही नियम नसतो का? बाबांना वाचून दाखवताना कंसातलं आणि त्याखालचं गाळावं लागलं आणि मग ते म्हणाले, "पोरगा फार तुटक लिहितो."

अळ्या चौथी कात टाकून उठल्या आहेत. आता आठवडाभर नुसतं खाणं. दिवसाला पाच वेळा पाला कापायचा, आणायचा, पसरायचा. बाबा म्हणतात, घरात पन्नास हजार पाहुणे आहेत आणि एकही जेवण उरकून उठत नाही. तुतीच्या चिकाने माझी बोटं काळी पडली आहेत. हे सगळं मी तक्रार म्हणून लिहीत नाही. पाच-सहा दिवसांत त्या जाळ्यांवर चढतील, कोष विणायला लागतील, आणि मग घरात अशी शांतता होते की आपण एकमेकांशी हळू बोलायला लागतो.

तुझं म्हणणं मी गावात मांडलं. देवळासमोर नाही, कुणाच्या ओट्यावर नाही, तुतीच्या बांधावर उभ्या उभ्या, कारण सध्या बसायला कुणाला वेळ नाही. लोकांनी दोन प्रश्न विचारले. पहिला असा की पुढाकार कामगारांचा म्हणजे काय, त्यांनी पुढे चालायचं, की आम्हाला पुढे ढकलायचं? मी म्हटलं, विचारून सांगते.

दुसरा बाबांचा. तुझं गोदामाचं वाक्य ऐकल्यावर ते म्हणाले, "ते कोष भाजलेले असतील." आम्ही तर दरवर्षी कोष उतरवले की दोन दिवसांत खरेदीवाल्याच्या गाडीत घालतो, तो तुमच्या भट्टीवर नेतो. मग यंदा भाजायचं काय? मी बाबांना म्हटलं, तो कारखान्यातच आहे, त्याने याचा विचार केल्याशिवाय लिहिलं असेल का? कोषाचं त्याला आपण काय शिकवायचं? तरी एका ओळीत उत्तर दे. लोक तुझ्या भरवशावर आहेत, म्हणजे माझ्या.

तुम्ही सगळे नीट राहा. फाटकाशी मारामारी करू नकोस. तुझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो आणि नाक तेवढं एकच आहे.

मालकीणबाई (हे नाव चालवून घेतलं आहे)


ता. १२ मार्च
फाटकासमोरचा मांडव

मालकीणबाई,

तू नाव चालवून घेतलंस! ही ओळ मी मांडवात तीनदा वाचली. शेजारी बसलेल्या मावशी म्हणाल्या, "मागण्या मान्य झाल्या काय रे?" मी म्हटलं, एक झाली.

तिसरा दिवस आहे. तीनशे माणसं एक होऊन बसली आहेत. काल मालकाची मोटार आली तेव्हा कुणी दगड उचलला नाही, शिवी दिली नाही, नुसते सगळे उभे राहिले. मोटार मागे वळली. मला रडूच आलं. कॉलेजमध्ये दोन वर्षं जे शिकलो नाही ते त्या दोन मिनिटांत शिकलो.

बांधावरच्या लोकांना सांग, पुढाकार म्हणजे पहिली काठी आम्ही आमच्या पाठीवर घेणं. हे वाक्य माझं आहे, पुस्तकातलं नाही.

आणि बाबांना सांग, भाजण्याचं काय घेऊन बसलात! भट्टी आता मालकाची नाही, आमची आहे. माल तयार झाला की कळवा, गाडी पाठवतो. तोवर खरेदीवाल्याला दारात उभं करू नका. तो गोड बोलेल, रडेल, पाया पडेल. एक कोष देऊ नका.

संप संपला की दादा-वहिनीला घेऊन तुमच्याकडे येणार आहे. कशासाठी, ते बाबांना वाचून दाखवू नकोस.

तुझा आणि तुमचा


ता. १८ मार्च

पुढारी,

आज कोष उतरवले. पांढरे, टणक, एकसारखे. बाबा म्हणाले, सात वर्षांत असं पीक आलं नाही. मला वाटतं त्यांना हसू आलं होतं, पण मिशीमुळे खात्री देता येत नाही.

काल खरेदीवाला आला होता. तुमची भट्टी बंद, म्हणून दुसऱ्या शहरातल्या भट्टीवर नेतो म्हणाला, भाव नेहमीपेक्षा कमी. तरी ज्यांचे आधी उतरले होते असे तिघे-चौघे द्यायला निघाले होते. मी त्याच्या गाडीपुढे उभी राहिले. म्हटलं, पंधरा दिवस थांबा, आपलं माणूस आत आहे. एक काका म्हणाले, "पोरी, त्याचं आणि तुझं काय ते आम्हाला ठाऊक आहे, पण आमचे कोष त्यात कशाला?" मी खाली बघितलं नाही. शेवटी सगळे थांबले. खरेदीवाला जाताना म्हणाला, "पुन्हा येणार नाही, पलीकडच्या गावांत माझी गाडी भरते." बाबा घरी आल्यावर एवढंच म्हणाले, "तू सांगितलंस म्हणून."

आता नीट वाच. गाडी परवापर्यंत यायला हवी. फार तर पाच-सहा दिवस हातात आहेत. आभाळ भरून आलं आहे, ऊन नाही. हे पत्र टपालाने टाकते आहे, कारण बस आज आलीच नाही. मिळाल्या मिळाल्या निघ.

मी


ता. २२ मार्च

तुझं पत्र काल दुपारी हातात पडलं.

आधी एक गोष्ट कबूल करतो, नाहीतर पुढचं लिहिता येणार नाही. भाजायचं कशासाठी हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, शेंगा भाजतात तसं काहीतरी असेल, माल हलका व्हावा म्हणून, धागा सुटावा म्हणून. वर्षभर मी ते कोष हातात घेतोय. कानाशी धरून हलवला की आत काहीतरी खुळखुळतं. ते काय आहे, असं मी कधी कुणाला विचारलं नाही. माझ्यापर्यंत पोत्यातून येतात, माझ्याकडून पोत्यात जातात. त्यात कधी जीव होता हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तुझ्या पत्रात बाबांचा प्रश्न आला तेव्हा तरी विचारायचं. मी भाषण ठोकलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

तुझं पत्र घेऊन भट्टीवाल्या काकांकडे धावलो. ते मांडवाच्या कोपऱ्यात विडी ओढत बसले होते. वाचलं आणि विडी विझवली. "किती दिवस झाले उतरवून?" तीन, म्हटलं. "म्हणजे अजून तीन. मग आतला किडा पतंग होऊन भोक पाडून बाहेर येतो. भोक पडलं की धागा तुटला. अखंड धागा निघाला तर रेशीम, नाहीतर कापूस." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "म्हणून तर त्या दिवशी उठलो होतो बाबा. तू घरी पाठवलंस." त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

मी लगेच बैठक बोलावली. म्हटलं, भट्टी पेटवू द्या, फक्त शेतकऱ्यांसाठी, फक्त दोन दिवस. चिटणीस म्हणाले, "धूर दिसला की मालक म्हणेल संप फुटला. आणि ठराव कुणाचा आहे?" मी म्हटलं, माझा, मी मागे घेतो. कढईवरच्या मावशी म्हणाल्या, "ठराव मांडला तेव्हा तुझा होता रे, आता सगळ्यांचा झालाय." हात वर झाले. माझ्या बाजूने चार, विरुद्ध सात. काकांचा हात माझ्या बाजूने होता. सात जणांना दोष देता येत नाही मला. त्यांची उपाशी पोरं मी पाहिली आहेत. त्यांना जे शिकवलं ते मीच शिकवलं होतं.

काका सांगतात: मोठ्या पातेल्यांत पाणी उकळा, वर टोपली ठेवा, झाकण घाला, वाफ द्या. थोडा थोडा माल वाचेल. ऊन पडलं तर काळ्या कापडावर पसरा. बसच्या वाहकाच्या हातात पत्र देतोय, त्याचे पाय धरलेत.

मला शिव्या दे. पण आधी पाणी ठेव.


ता. २९ मार्च

बस मध्येच बंद होती, तुझं पत्र पंचवीसला आलं. ते यायच्या आत बाबांनी पातेली चढवली होती. सगळ्या गावात चुली पेटल्या. पण एका पातेल्यावर एक टोपली, आणि घरात टोपल्या साठ. आमच्या चार वाचल्या.

पंचवीसला सकाळी दार उघडलं तर भिंतीवर, जमिनीवर, बाबांच्या टोपीवर पांढरे पतंग. ओले, जाडजूड. त्यांना उडता येत नाही हे तुला माहीत आहे का? नसेल, म्हणून लिहिते. पंख असतात, फडफडतात, पण जागचे हलत नाहीत. पाय ठेवायला जागा नव्हती. सात वर्षांत मी पतंग पाहिला नव्हता. बघू नये म्हणूनच सगळी धावपळ असते. बाबा उंबऱ्यात बसले आणि म्हणाले, "दिसायला वाईट नाहीत." मग उठून खराटा घेतला.

दुसऱ्या दिवशी ते खरेदीवाल्याकडे गेले होते. त्याने चहा दिला. माल घेतला नाही.

मी तुला शिव्या देणार नाही. तुला माहीत नव्हतं, पण मला माहीत होतं. सहा दिवसांचं गणित मला पहिल्या पिकापासून पाठ आहे. तरी मी माझ्या माहितीपेक्षा तुझ्या अक्षरावर विश्वास ठेवला. गाडीपुढे मी उभी राहिले, तू नाही. गावात कुणी मला काही म्हणत नाही. विहिरीवर मी गेले की बायका घागर आवरती घेतात, एवढंच.

आता दुसरं. काल तुमच्या मालकाने धाडलेला एक ठेकेदार गावात आला. तुमच्या गोदामात भाजलेले कोष भरलेले आहेत, ते तूच लिहिलं होतंस. धागा काढायला हात हवेत, आणि रेशमाची सवय असलेल्या बायका हव्यात. जेवण, राहणं, रोजची रोख मजुरी. अकरा जणी निघाल्या आहेत. त्यात मी आहे. घरातून कुणीतरी जायलाच हवं आणि बाबांना कढईपाशी बसवता येणार नाही. तुती उपटायचं त्यांनी ठरवलं आहे.

सहा तारखेला सकाळी ट्रक येईल. तू फाटकापाशी असशील. मी येते आहे हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये, म्हणून लिहिलं.


ता. ७ एप्रिल

मालकीणबाई म्हणायची आता सोय नाही. तू आत आहेस, हे पत्र भिंतीवरून कुणाच्या हाती पोचेल माहीत नाही. मावशींची भाची पाणी भरायला आत जाते, तिला देतोय.

काल काय झालं ते तू पाहिलंस, पण माझ्या बाजूने पाहिलं नाहीस, म्हणून सांगतो.

तुझं पत्र मी समितीला दाखवलं नाही. अकरा जणी येणार हे फक्त सांगितलं. चिटणीस म्हणाले, "अर्धा मालक जागा झाला बघ." मी त्यांच्या अंगावर गेलो, काकांनी धरलं. मग ठरलं, हातात हात घालून फाटकापुढे साखळी धरायची, आणि बोलायचं मी. "तुझे लोक, तू बोल." मी भाषण लिहिलं. चार वेळा फाडलं. पाचव्यांदा लिहिलं ते खिशात होतं.

ट्रक थांबला. तुम्ही सगळ्या उभ्या होतात, फळीला धरून. प्रत्येकीपाशी एवढी मोठी गाठोडी. तू दुसऱ्या बाजूला होतीस, डोक्यावरून पदर. मी भोंगा तोंडाला लावला. सगळी साखळी माझ्याकडे बघत होती. आणि तू माझ्याकडे बघितलंस. डोळे अजिबात हलवले नाहीस.

मला तुमच्या घरातली पतंगांनी भरलेली भिंत दिसली. माझ्या शब्दांनी जे झालं ते दिसलं. म्हटलं, आता कुठल्या तोंडाने हिला सांगू की उतर? एकदा सांगितलं तेवढं पुरे नाही झालं? मी भोंगा खाली ठेवला. उजवा हात सोडला, डावा सोडला आणि बाजूला झालो. ट्रक माझ्या जागेतून आत गेला.

मला गद्दार म्हणाले. समितीतून काढलं. मावशी थुंकल्या, माझ्यावर नाही, बाजूला. काका मला त्यांच्या खोलीवर घेऊन आले, तिथूनच लिहितोय. संप आठवडाभर टिकेल असं वाटत नाही. मला कशाचंच काही वाटत नाही, एक सोडून: आयुष्यात पहिल्यांदा मी तोंड बंद ठेवलं आणि ते तुझ्यासाठी ठेवलं. एवढी एक गोष्ट तरी मी बरोबर केली. बाकी सगळ्याची माफी मागायला मला शब्द उरलेले नाहीत, पण ही एक गोष्ट तुझ्यापाशी ठेवून घे.

दादाला मी काही कळवलेलं नाही. तू म्हणशील तसं.


ता. १२ एप्रिल
कढई क्रमांक सतरा

पत्र पोचलं. उशीर झाला, कारण बोटं सुजली आहेत. उकळत्या पाण्यातून धाग्याचं टोक शोधायचं म्हणजे काय ते आता कळलं. त्या मावशी आठ तास कशासाठी मागत होत्या तेही कळलं. हे आम्हाला कुणी आधी येऊन दाखवलं असतं तर बांधावर इतके प्रश्न विचारलेच नसते.

काल मुकादमाने सांगितलं, संप मागे घेतला. दोनशे जणांना परत घेणार, बाकीच्यांना नाही. भट्टीवाले काका बाकीच्यांत आहेत. माहीत असेलच तुला.

तुझी ती एक गोष्ट मला ठेवून घेता येत नाही. कारण सांगते. सांगू नये असं चार दिवस वाटलं, पण तुझ्यामाझ्यात न सांगितल्यानेच बरंच झालं आहे.

निघायच्या आदल्या दिवशी आम्ही अकरा जणी बसलो होतो. धाकट्या काकू म्हणाल्या, "दुसऱ्याच्या पोटावर पाय देऊन मला आत जायचं नाही. पण न जाऊन घरी काय सांगू?" सगळ्यांचं तेच होतं. आपल्या पायाने ट्रकमधून उतरायचं तर ठेकेदार बघतो, घरचे विचारतात. पण वाट अडवली, जाऊच दिलं नाही, तर कुणी काय म्हणणार? काकूंनी मला विचारलं, "तुझा तो अडवेल ना?" मी म्हटलं, अडवेल. गप्प बसणं त्याला जन्मात जमायचं नाही. तो "उतरा" म्हणाला की आपण उतरू. मग म्हणू, आधी तुमच्या लोकांना सांगा, आमच्या पुढच्या मालासाठी भट्टी पेटेल असा ठराव करा, मग आम्ही तुमच्या मांडवात बसतो. हे मी ट्रकमध्ये पाठ करत होते. फाटक दिसलं तेव्हा काकूंनी एक पाय फळीवर ठेवलासुद्धा होता.

मी तुझ्याकडे डोळे न हलवता बघत होते, ते तू बोलावंस म्हणून.

तू बाजूला झालास. माझ्यासाठी झालास हे पत्र वाचून कळलं. ट्रकमध्ये आम्हाला वाटलं, त्यांना आम्ही नकोच आहोत. काकूंनी पाय आत घेतला.

दादा-वहिनींना काही कळवू नकोस. मी हंगामभर इथेच आहे. मग बघू असंही लिहीत नाही.

गाठोड्यांचं तू लिहिलं आहेस. त्यात कपडे नव्हते. प्रत्येकीने घरून पाच-पाच जणांचं जेवण करून आणलं होतं, मांडवात तुम्ही बरेच दिवस अर्धपोटी आहात असं ऐकलं होतं म्हणून. पहिल्या दिवशी आम्ही अकरा जणींनी आतच खाल्लं. दुसऱ्या दिवशी उरलेलं आंबलं. मुकादमाने मागच्या भिंतीपाशी खड्डा दाखवला, तिथे टाकून आलो.